योनाला साबणाने धुतल्याबद्दल

आदरणीय ताईंना धाकट्या भावजयीचा प्रभूच्या नावात सलाम, आणि सलामाच्या पाठोपाठ थोडी माफी (कशाबद्दल ते पुढे येईलच, घाई करू नका). इकडे सगळे ठीक. सासूबाईंचा गुडघा आता फक्त जिना दिसला की दुखतो. तुमच्या बंधुराजांची तब्येत इतकी उत्तम आहे की शिंपीण असून मी त्यांच्या पँटी उसवून उसवून थकले. तुमच्या यजमानांची पाठ कशी आहे? त्यांना म्हणावं, जड काही उचलू नका. हे पत्रसुद्धा दोन हातांनी धरा, लांबलंय.

परवा तुम्ही "मी येणार नाही, विषय संपला" म्हणून फोन ठेवलात. विषय संपतो कुठला! शाळेच्या रोबोट टीमला पंचवीस वर्षं झाली, येत्या दहा तारखेला तुम्ही सगळे जुने खेळाडू अख्ख्या शाळेसमोर आपल्या जुन्या रोबोटला, योनाला, चालवणार, आणि चालवणारीच नाही? कारण मला ठाऊक आहे. (घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, पण नऊ वर्षं या घरात काढली, कान काय माहेरी ठेवून आले होते?) बावीस वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात योना चेंडू टाकायच्या टोपलीपासून वीतभर अंतरावर गपकन थांबला. रिमोट तुमच्या हातात होता. चूक तुम्ही आपल्या अंगावर घेतलीत, आणि तेव्हापासून स्कूटरलासुद्धा हात लावला नाहीत. दोन बस बदलून कामाला जाता. मला याचं फार वाईट वाटतं, आणि रागही येतो, कारण तुमच्यासारखा हात कुणाचाच नव्हता असं सगळे म्हणतात.

मी पडले बाहेरची. आमच्या शाळेत विज्ञान म्हणजे लिंबात खिळा खुपसायचा, आणि बल्ब लागला नाही की बाईंनी "लागला असं समजा" म्हणायचं. जिथे सासूच ख्रिस्ती हायस्कूलच्या रोबोट टीमची मास्तरीण आणि तिची पोरंही त्याच टीममधली, तिथे नांदणं म्हणजे जन्मभर सरावाला हजर राहणं, हे मला लग्नाआधी कुणीतरी सांगायला हवं होतं. "आधी प्रार्थना, मग चष्मा, मग बॅटरी" हा तुमचा क्रम. कारखान्यात शोभून दिसेल. पण तुमचा भाऊ मिक्सर लावण्याआधी डोळे मिटतो, कांदा चिरायला संरक्षक चष्मा घालतो आणि घरातल्या प्रत्येक वायरीला चिठ्ठी चिकटवतो. (लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या हेअर ड्रायरला चिठ्ठी: "लवकर तापतो. जपून." मला वाटलं, माझ्याबद्दल आहे.) तुमच्या टीमचा चाकंवाला आता दातांचा डॉक्टर झालाय, तो ड्रिल लावण्याआधी मोठ्याने प्रार्थना करतो. दोन पेशंट खुर्चीतून उठून पळाले, त्यांना वाटलं आपलं आता काही खरं नाही. वायरिंगवाला आमचा पाळक झालाय. सामना अडीच मिनिटांचा असायचा म्हणून त्याचं प्रवचनही अडीच मिनिटांत आटोपतं, त्यामुळे चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे तुमचा तो नियम. काही मोडलं तर मोडणाऱ्याने आधी "माझ्याकडून झालं" म्हणायचं, त्याच्यावर कुणी ओरडायचं नाही, आणि मग सगळ्यांनी मिळून पेचकस उचलायचा. ऐकायला किती गोड! पण गेल्या वर्षी घरात कप फुटला तेव्हा तिघांनी कबुली दिली, आणि फोडला होता मांजरीने.

आता माझं. रविवारी उपासनेनंतर सगळे योनाची चाचणी घ्यायला येणार होते, म्हणून शनिवारी मी त्याला कपाटावरून खाली काढला. (बायबलमधल्या संदेष्ट्यासारखा, निनवेला पाठवला की उलट तार्शीशला जायचा, म्हणून त्याचं नाव योना, हे मला लग्नातच तीन जणांनी सांगितलं होतं.) अहो ताई, काय ती धूळ! मळकी वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. न्हाणीघरात नेला, कोमट पाणी घेतलं, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, आणि पोटातून दोन बादल्या ओतल्या. असा लखलखला की मीच स्वतःवर खूश. मग सहज हलवून पाहिला तर आतून डुबुक डुबुक. दोन तास ड्रायर मारला, बाल्कनीत मोज्यांशेजारी उन्हात ठेवला, आणि कुणाला काही बोलले नाही. (नियम माहीत होता. पण मी कुठे टीममध्ये होते?)

रविवारी प्रार्थना झाली, चष्मे चढले, बॅटरी लागली. योना एकदा शिंकला आणि त्याच्या पोटातून पाण्याची धार निघाली, वर फेस. मी तोंड उघडणार, इतक्यात पाळकसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, माझ्याकडून झालं, बावीस वर्षांपूर्वी एक वायर मी नुसतीच पिळून ठेवली होती, म्हणून आपण हरलो. डॉक्टर म्हणाला, छे, चाकाला मी खोबरेल तेल लावलं होतं, मी हरवलं. त्यावर तुमचा भाऊ ढसाढसा रडायला लागला, कारण सामन्याआधी योनाच्या पोटात आपला डबा लपवला होता आणि काढायला विसरला होता. तिन्ही बाप्ये डोळ्यांवर चष्मे लावून रडताहेत, चष्म्यांना आतून वाफ, आणि मी बाजूला माझा ताजा गुन्हा घेऊन उभी! शेवटी ओरडून सांगितलं की मी याला साबणाने धुतलंय. डॉक्टरने एवढंच विचारलं, कुठला साबण? कुणीसुद्धा ओरडलं नाही. सगळ्यांनी पेचकस उचलले, एक माझ्याही हातात दिला. ताई, नऊ वर्षांत मला या घरात इतकं घरचं कधी वाटलं नव्हतं.

आणि योना सुरू झाला! धुतल्यापासून सांगितलं तिकडे जातो. पण चालवायला कुणी नाही. पाळकसाहेबांनी स्वतःच्याच नडगीवर घातला, डॉक्टर त्याला दर वेळी सोफ्याखाली नेतो, आणि तुमच्या भावाकडे रिमोट दिला की मांजर घर सोडून जातं. म्हणून म्हणते, या. कळावे, लोभ असावा, आणि भांड्यांच्या साबणाबद्दल राग नसावा.

तुमची,
भावजय

ता. क. वरचं सगळं नाही वाचलंत तरी चालेल. खरं पत्र इथून सुरू होतं. रविवारी सगळे कबुल्या देत होते तेव्हा सासूबाई मात्र एक अक्षर बोलल्या नाहीत. सोमवारी मला इस्त्री करायची होती, म्हणून मी फोनचा चार्जर काढून तिथे इस्त्री लावली. ते पाहून सासूबाई मटकन पलंगावर बसल्या आणि रडायला लागल्या. सामन्याच्या दिवशी सकाळी तुमच्या सगळ्यांच्या शर्टांना इस्त्री करायला त्यांनी बॅटरीचा प्लग काढला होता आणि परत लावायला विसरल्या. बॅटरी अर्धीच भरली होती. तुमचा हात चुकलाच नव्हता.

ता. क. २. त्यांनी तुम्हाला चार पत्रं लिहायला घेतली, चारही वेळा बॅटरीचा धडा झाला, आकृतीसकट. म्हणून मला म्हणाल्या, तूच लिही, मध्येच कुठेतरी, सहज. मी म्हटलं, सहज वगैरे काही नाही, शेवटच्या चार ओळी तुम्हीच लिहायच्या. त्या खाली आहेत. शाई पसरलीय, पण ती पाण्याने नव्हे, आणि या वेळी माझ्यामुळेही नव्हे.

बाळा, प्लग मी काढला. त्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण तू आधी बोललीस आणि मी गप्प बसले. बावीस वर्षं तू बसने फिरलीस, आणि मी पाहत राहिले. कबुली देणाऱ्यावर ओरडायचं नाही, हा नियम मीच केला होता. या वेळी तो बाजूला ठेव. ये, आणि माझ्यावर पोटभर ओरड.
आई