पांढऱ्या वाइनच्या पंचचा प्रताप

चि. सौ. धाकटीस,

मोठ्या जाऊचे घरभर वाटून वर उरतील इतके आशीर्वाद. तू बरी असशील, तुझे भाऊ-भावजय बरे असतील, भाचरं घर डोक्यावर घेत असतील. माहेरचं पाणी तुला मानवलं असेलच, पण फार मानवू देऊ नकोस. इकडे माझी तब्येत उत्तम. सासूबाईंचे गुडघे त्यांच्या स्वभावासारखेच आहेत, म्हणजे वाकत नाहीत. आमचे हे आणि तुझे हे दोघंही तीन ठाव जेवून ठणठणीत आहेत, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत, हे तुला वेगळं सांगायला नको. त्यासाठीच तर तू बॅग भरलीस. 'हे दोघं भाऊ बोलेपर्यंत मी या घरात पाऊल ठेवणार नाही' असं म्हणून तू गेलीस ती गेलीस, आणि इथे दोन मुक्यांच्या मधे मला ठेवून गेलीस.

तू गेल्यापासून दुकानाची जी दशा झाली ती ऐक. चष्म्याचं दुकान एक, भाऊ दोन, आणि बोलणं सगळं आरशाच्या मार्फत. आमचे हे आरशाला सांगतात, 'त्या बाईंची फ्रेम झाली का ते कुणीतरी बघावं.' तुझे हे आरशालाच उत्तर देतात, 'कुणाला डोळे असतील तर दिसेल.' गिऱ्हाईक बिचारं मधे उभं राहून आपलं नाक निरखतं. गेल्या आठवड्यात या अबोल्यापायी एका हेडमास्तरांना दोन्ही डोळ्यांना डाव्या डोळ्याचाच नंबर गेला. (काचा मी बसवल्या होत्या. पण मला जो कागद आला तो मी बसवला. माझ्या हातात अर्ध्या मिलिमीटरची चूक होत नाही, हे तुलाही ठाऊक आहे.) ते हेडमास्तर जिना उतरताना कठड्याला नमस्कार करून गेले. तेव्हा मी ठरवलं, आता पुरे. सरळ बोटाने तूप निघत नाही.

समोरचे दातांचे डॉक्टर नेहमी म्हणतात की दोन घोट पोटात गेले की माणसाच्या जिभेच्या गाठी सुटतात. (माणसाचं तोंड उघडायला लावणं हा त्यांचा धंदाच आहे, तेव्हा त्यांचं ऐकावं.) आपल्या घरात कुणी पिणारं नाही, त्यामुळे थोडक्यात भागेल असा मी हिशेब केला. उन्हाळा मी म्हणत होता, उकाड्याचं निमित्त आयतंच होतं. डॉक्टरांना आणि त्यांच्या बायकोला संध्याकाळी गच्चीवर बोलावलं आणि जाहीर केलं की मी फळं घालून पांढऱ्या वाइनचा पंच करणार आहे. सासूबाई म्हणाल्या, 'हे कुठलं नवीन थेर?' मी म्हटलं, 'सरबतच ते, जरा शिकलेलं.'

आता कृती नीट वाच, कारण असा पंच पुन्हा होणे नाही. तीन बाटल्या पांढरी वाइन आणली, आणि सासूबाईंसाठी व माझ्यासाठी तीन बाटल्या साधा द्राक्षाचा रस आणला, कारण आम्ही दोघी त्यातल्या नव्हे. दोन्ही एकाच कंपनीचं, हिरव्या काचेच्या सारख्या बाटल्या, फिरकीची सारखी झाकणं. फ्रिजमध्ये फळांनी जागा अडवलेली, म्हणून सहाही बाटल्या न्हाणीघरातल्या टबात बर्फात उभ्या केल्या. (त्यापायी आमच्या ह्यांची आंघोळ राहिली. त्यांनी तक्रार आरशाकडे नोंदवली.) दुपारी जाऊन बघते तो बर्फाचं पाणी झालेलं आणि सगळी लेबलं सुटून पाण्यावर तरंगताहेत! आता कोणती वाइन आणि कोणता रस? दुसरी एखादी घाबरली असती. मी प्रत्येक बाटलीतला एकेक थेंब जिभेवर घेतला. तीन निघाल्या गोड, तीन निघाल्या तुरट, घशाला जरा चरचरणाऱ्या. वाइन मी जन्मात चाखली नव्हती, पण देवाने डोकं दिलंय ना! ज्या वस्तूसाठी माणसं घरदार विसरतात ती गोडच असणार. कडू-तुरट वस्तूसाठी कोण घरदार विसरेल? झालं, गोड त्या वाइनच्या, तुरट त्या रसाच्या. अर्ध्या मिनिटात निकाल लावला.

पंचसाठी मोठं भांडं नव्हतं म्हणून मासे ठेवायचं काचेचं भांडं काढलं. (नवंकोरं. त्याने मासा पाहिलेला नाही.) त्यात तिन्ही गोड बाटल्या रिकाम्या केल्या. संत्री सालीसकट चकत्या करून, पीच, सफरचंद, अननस, लिंबू, पुदिना, ठेचलेलं आलं, सगळं काचा बसवते त्याच हाताने एकसारखं कापलं. सोड्याची बाटली उघडली ती थेट छताला भेटून आली. तिथे डाग आहे, आल्यावर दाखवीन. वर सोनेरी रंग असा उतरला की सासूबाईसुद्धा दोनदा वाकून बघून गेल्या, म्हणजे मान वाकवून. आमच्या दोघींसाठी एका तांब्यात तुरट रस, दोन चमचे साखर, थोडी फळं.

धाकटे, तू हवी होतीस! डॉक्टरांनी पहिला घोट घेऊन डोळे मिटले आणि म्हणाले, 'वहिनी, बाटली जुनी दिसते. पांढरी अशीच असते, हळू चढते आणि दगा देते.' दुसऱ्या पेल्याला त्यांच्या दाढेत कसलासा बारीक स्क्रू अडकला, चष्म्याच्या दांडीचा, माझ्या बाहीवरून पडला असावा. त्यांनी तो स्वतःच काढला आणि म्हणाले, फी माफ. तिसऱ्या पेल्याला समोरासमोरच्या दारांतलं आपलं दार कोणतं ते त्यांना आठवेना. माझ्या पंचची ताकद ती! उकाडा मात्र भलताच होता. नुसता रस पिऊन माझे कान तापले, गच्ची जराशी उताराची वाटायला लागली, आणि मी डॉक्टरीणबाईंना मिठी मारून त्यांच्या पडद्यांची तारीफ केली. (ते पडदे मला बघवत नाहीत.) सासूबाईंनी रसाचा तिसरा पेला मागून घेतला आणि चारचौघांत म्हणाल्या, 'या घराचा कणा कोण म्हणाल तर माझी मोठी सून.' लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा! मी रडले. त्याही रडल्या. मग आम्ही दोघींनी मिळून एक गाणं म्हटलं, ते कोणतं हे आम्हा दोघींनाही आठवत नाही. उकाडा फार वाईट.

आणि मग ती गोष्ट घडली. आमचे हे पेला हातात घेऊन उठले आणि आरशाला नव्हे, गच्चीवर आरसा कुठला, सरळ भावाला म्हणाले, 'त्या दिवशी गिऱ्हाइकादेखत तुझा पाणउतारा केला, ते चुकलं माझं. नंबर तू माझ्यापेक्षा चांगला काढतोस. आधीच सांगायला हवं होतं.' तुझे हे पेला कठड्यावर ठेवून पुढे आले. मग म्हणाले, 'दादा, मी पण तोंडाला येईल ते बोललो.' दोघं गळ्यात गळे घालून उभे. मी तिथल्या तिथे स्वतःची दृष्ट काढली असती. त्यानंतर तुझे हे तुझ्याविषयीही बोलले, पण ते मी लिहीत नाही. पिऊन बोललेलं कागदावर घालू नये.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते ऐक. दोघंही दुकानात आपापल्या कोपऱ्यात. आमचे हे आरशाला म्हणतात, 'काल पंचच्या भरात काही बोललो असेन तर ते कुणी मनावर घेऊ नये.' तुझे हे म्हणतात, 'कुणीच घेतलेलं नाही.' मग मागच्या खोलीत येऊन मला हळूच, 'वहिनी, तिला यातलं काही लिहू नका हं, शुद्धीत नव्हतो मी.' बघ! पंच उत्तम झाला, जिभा सुटल्या, आणि रात्रीत पुन्हा जागच्या जागी बसल्या. तरीही माझ्या हाताला यश आलं असंच मी म्हणेन. पुन्हा कधी करायचा ते कळव.

तुझी,
मोठी

ता. क. पत्र बंद करणार होते, तेवढ्यात सासूबाईंनी 'तो रस' पुन्हा मागितला. काल-परवापासून जेवताना रोज मागतात आणि जेवून छान झोपतात. म्हणून उरलेली एक बाटली खूण दाखवायला घेऊन मी, बाटल्या आणल्या होत्या त्या दुकानात गेले आणि म्हटलं, सासूबाईंना रोज लागतो, हाच रस द्या. दुकानदाराने झाकण फिरवलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'बाई, ही वाइन आहे. सासूबाईंना रोज देता?'

धाकटे, मी तिथल्या स्टुलावर बसलेच. म्हणजे त्या काचेच्या भांड्यात वाइनचा एक थेंब नव्हता! डॉक्टर द्राक्षाच्या रसावर दार विसरले. आणि मी आणि सासूबाई... जाऊ दे. तरी सांगते, चव कुणी नावाजली नाही असं झालं नाही, तेव्हा पंच माझा चांगलाच होता. आणि सासूबाईंचं बोलणं मी मुळीच परत देणार नाही. पिणारा माणूस खरं बोलतो म्हणतात.

ता. क. दुसरा. पण आता बघ, ते दोघं भाऊ जे बोलले ते पूर्ण शुद्धीत बोलले. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर 'वहिनी स्वतःच चढवून बसल्या होत्या' म्हणून मोकळे होतील. तू ये आणि दोघांना समोर बसवून तूच सांग, तुझ्यापुढे कुणाची आरशाकडे बघायची छाती होणार नाही. आणि जे लिहिणार नव्हते ते आता लिहिते, कारण आता ते लिहिण्यासारखं आहे. तुझे हे म्हणाले, 'ती निघाली तेव्हा मी दारातच उभा होतो. थांब म्हणायचं ओठांवर आलं होतं. पण समोर दादा होता, माझी मान खाली जाईल म्हणून म्हटलं नाही. तेवढं म्हटलं असतं तर ती गेली नसती.'

द्राक्षाच्या रसावर म्हणाला गं तो हे. ये आता.