बावीस मिनिटांचं नाटक

९ नोव्हेंबर
आल्या! शंभर कॅसेटी, माझ्या स्वतःच्या लेबलच्या. पाठीवर ठसठशीत — कल्ला रेकॉर्ड्स, मूल, जि. चंद्रपूर. अकरा वर्षं पुण्या-मुंबईच्या बारमध्ये घसा फोडून पंक गायले, इथे कुत्रंही विचारत नव्हतं. आता एकदा आपल्या माणसांसमोर वाजवायचंय. त्यांना हे आपलं वाटलं नाही, तर लेबल काढलं कोणासाठी?

११ नोव्हेंबर
पोस्टर वडशाच्या प्रेसमध्ये छापले, झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांच्या गावात. प्रेसवाला बाराही महिने नाटकांचेच छापतो. सवयीने आमच्या तिघांचे चेहरे गोलात टाकले, खाली ‘तुफान विनोदी, कौटुंबिक’. मरो! तसेच लावले, पार चामोर्शीपर्यंत.

१३ नोव्हेंबर
बुकिंग! चामोर्शीजवळच्या एका गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, रात्रभर नाटक असतं ती. कमिटीचे हरिदासभाऊ फोनवर — "तुमचं नाटक आमाले पायजे." म्हटलं, नाटक नाही, गाणी आहेत. "गाणे तं नाटकात असतेच ना, बाई." वाघाच्या भीतीने यंदा खेळ रात्रीऐवजी दुपारी ठेवलाय. आमचा बास गिटारवाला फैज म्हणतो, मार खाऊ. ड्रमवाले नानाजी मात्र खूश. तीस वर्षं नाटक कंपन्यांत वाजवलंय त्यांनी.

१४ नोव्हेंबर
गिटारच्या तारा बदलल्या. परत बदलल्या.

१६ नोव्हेंबर
काल वाजवलं.

हजारभर माणसं, ताडपत्रीवर, पोराबाळांसकट. आम्ही सुटलो. नऊ गाणी, बावीस मिनिटं, खेळ खलास. कोणी उठेना. हरिदासभाऊ विंगेत आले — "पयला अंक झाला. दुसरा कवा सुरू करता?" लोक पाच तासांच्या तयारीने डबे घेऊन आले होते!

मग काय, तीच नऊ पुन्हा. आता पुढच्या बाया टाळ्यांनी ठेका धरत होत्या. मी हवेत!

इथल्या नाटकात बक्षिसाच्या चिठ्ठ्या स्टेजवर येतात, देणाऱ्याचं नाव माइकवर वाचायचं असतं. नानाजी वाचत होते. मग आमचं ‘ट्रक’ झालं, खनिजाच्या ट्रकांवरचं. त्यानंतरच्या चिठ्ठीत बक्षीस नव्हतंच. "अजय, वय एकोणीस. ट्रकखाली गेला." नानाजींनी तेही सवयीने, त्याच खणखणीत आवाजात वाचून टाकलं.

एक बाई स्टेजपाशी आली. "माह्या पोराचं नाव हाय ते. गाण्यात घ्या."

मग चिठ्ठ्या येतच राहिल्या. अकरा. ‘ट्रक’ तिसऱ्यांदा वाजवलं, दर ओळीनंतर एक नाव. अख्खा मंडप ते नाव आमच्यामागून ओरडत होता. मी रडत होते आणि इतकं चांगलं आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर
सकाळपासून शंभरच्या शंभर कॅसेटींवरची गाणी पुसायला घेतलीत, पुन्हा भरायला. नानाजी म्हणाले, "काऊन बाई? चांगल्या तं हायेत."
त्यांत नावं नाहीत.