इनायाच्या फीची सवलत

अबुधाबी

प्रिय तौफिक, सलाम.

आम्ही खुशाल आहोत. अम्मीचा गुडघा कसा आहे?

कंपनीने मुलांच्या शाळेचा भत्ता बंद केला. इथे आपल्या लोकांना खासगी शाळेशिवाय पर्याय नाही. कर नाही, म्हणून करसवलतही नाही. खलास! जूनमध्ये इनायाला तुझ्याकडे पाठवतोय. तिला माशातले काटे काढून दे. काल विचारत होती, "अब्बा, यू आर कमिंग टू, राइट?" मी बॅगेची चेन तपासत बसलो.

तू फोनवर म्हणालास, "भाई, शाळेत तिला माझीच मुलगी लावतो, फीवर माझा टॅक्स वाचेल." नियम मी स्वतः वाचलाय, सवलत फक्त स्वतःच्या मुलांच्या फीवर मिळते. फी मी पाठवीन. वडिलांच्या जागी माझंच नाव लिही. मी येणार नाही, निदान नाव तरी तिच्यासोबत राहू दे.

तुझा भाई,
मकबूल