आत विचारून सांगतो

दादा,

तू गेल्यावर दोन महिन्यांनी नवा नियम आला. वकिलाकडे वीस वर्षं काम केलेल्या कारकुनालाही आता परवाना काढून घरभाड्याच्या कामांत सल्ला देता येईल. वहिनी म्हणाल्या, "भावजी, भरा तो अर्ज. नाहीतर ऑफिसला कुलूप लागेल."

अर्ज तीन दिवस समोर पडलाय. मी उठतो, बसतो, पेनाचं टोपण काढतो आणि परत लावतो. सातवा प्रश्न आहे: परवान्याशिवाय कधी सल्ला दिला आहे का?

कोणी काही विचारलं की "आत विचारून सांगतो" म्हणत मी तुझ्या खोलीत यायचो, आठवतं? तू गेल्याच्या पुढच्याच आठवड्यात शिंपीणबाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या. घरमालक घराबाहेर काढत होता. सवयीने मी आत गेलो, रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहिलो आणि बाहेर येऊन म्हणालो, "साहेब म्हणतात, घर सोडू नका."

"तब्येत बरी आहे ना त्यांची?"

मी हो म्हणालो.

त्यांचं घर वाचलं. आज पुन्हा तुझ्या खोलीत जाऊन उभा राहिलो आणि मग अर्जात "होय" लिहिलं. परवाना मिळेलसं वाटत नाही. उद्या शिंपीणबाईंकडे जाऊन सांगणार आहे, की तो सल्ला माझा होता आणि तू नाहीस.

तुझा,
बाहेरच्या टेबलावरचा धाकटा