चावून भरवलेली भाकर

पप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी तिसरीला होते. सोलापूरच्या दवाखान्यातलं मला काहीच आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की अणदूरच्या घरात तुम्ही जेवायला बसलाय, येसराच्या आमटीत भाकर कुस्करताय आणि आई म्हणतेय, "लई तिखट झालीय, दूध घ्या वरनं." तुम्ही म्हणता, "तिखट न्हाय तर ते जेवण कसलं?" पोटाचा कॅन्सर निघाला, तुम्ही गेलात, आणि त्यानंतर आईनं तो येसूर मसाला केलाच नाही. तिखटानं पोट जाळलं, आणि मीच घालत गेले, हे तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. आमच्याकडं तेव्हापासून पिवळं वरण.

आता मी मायक्रोबायोलॉजीला आहे. व्हायरस म्हणलं की मला राहवत नाही. कॉलेजात शिकवलं, ईबीव्ही नावाचा एक व्हायरस पोटाच्या काही कॅन्सरमध्ये गाठीच्या पेशींतच सापडतो. सुट्टीला आले ते चप्पल काढायच्या आधी आईला सांगितलं, तिखटानंच झालं असं कुणी म्हणू शकत नाही, व्हायरस पण असू शकतो. आई भाकरी थापत होती. हात थांबला. "कुठनं येतो त्यो?" मी वर्गात उत्तर दिल्यासारखं लगेच, "थुंकीतनं. लहानपणीच. उष्टं खाल्लं की."

आजी दाराशी बसलेली. तुमची आई. मांडीवर दादाची पोरगी, तोंडात तिच्यासाठी मऊ करत असलेला घास. तुम्हाला तसंच भरवलं, आम्हाला पण. तिनं तो घास काढून हातावर घेतला आणि बघत बसली. "मग मीच की गं," म्हणाली.

मी सांगितलं, आजी, तो जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात असतो, माझ्यात पण असेल, बहुतेकांना काहीच होत नाही. पप्पांच्या गाठीत होता का, ते कुणी तपासलंच नाही. "व्हय, व्हय," म्हणाली आणि वहिनीला हाक मारली. "घे हिला."

त्या दिवशी आईनं येसूर भाजला. सगळं घर ठसकलं. आजी दोन घास जेवून उठली. आता तिचा पेला वेगळा असतो. पोरगी तिच्या तोंडाकडं हात नेते, आजी मान फिरवते. मला रडू वगैरे येत नाही, नुसतं दिसत राहतं.

हे कुठं पाठवणार, फोनमध्येच राहील. खरं सांगू पप्पा? आमटी छान झालेली. मी परत वाढून घेतली, आजीकडं न बघता.