उकिरड्यावरचं दूध

बाभुळगाव, मंगळवार, दिवेलागण

सकाळी माह्या बायकोनं, रेखानं, कॅनभर दूध उकिरड्यावर ओतलं, अन् मग त्याले हात जोडले. तिचं ते हात जोडणं दिवसभर डोळ्यापुढून हटून नाही राह्यलं.

म्हशीची कास सुजली म्हणून डॉक्टरनं सुया देल्या होत्या. दूध काही दिवस विकू नका म्हणाले होते. पण बाजारात आमच्या पनीरची गिऱ्हाईकं वाट पाहतात. मी बायकोवर आवाज चढवला, "पनीर कर ना! उकळलं का सारं मरते."

"जंतू मरतात, औषध नाही मरत," ती म्हणाली. "तेच थोडं थोडं लोकाईच्या पोटात जाते अन् जंतू निबर होतात, औषधाले दाद देत नाहीत. माह्या बाबाच्या जखमेले एकही औषध लागू पडलं नाही. विसरले का तुम्ही?"

भांड्याले लागलेली सायसुद्धा बोटानं पुसून घेणारी बाई. तिनं अख्खी कॅन ओतली! माह्यानं झालं असतं? नसतं झालं.

आता ती गोठ्यातून संध्याकाळचं दूध घेऊन येऊन राह्यली. हेही ओतायचंच आहे. उठतो. कॅन मी उचलतो, हात तिले जोडू देतो.