बाबा तर म्हातारे होते

४ फेब्रुवारी, सकाळ

शी.

आजपासून रोजनिशी. काल एका बिऱ्हाडाची गादी उचलली. तिच्याखाली जे निघालं ते कोणाला सांगण्यासारखं नाही आणि मनात ठेवण्यासारखंही नाही, म्हणून वही आणली. माणसं दिवसा कडक इस्त्रीत फिरतात आणि रात्री असल्या गाद्यांवर झोपतात. लोकांचं सामान हलवायच्या धंद्यात पडलं की माणूसजातीबद्दलचं प्रेम आटतं.

संकल्प: दोरीच्या उड्या, रोज. सिगारेट बंद. मे महिन्यात ही नोकरी सोडून पुढचं गाव गाठणे. कुठलं ते ठरलेलं नाही. एका जागी फार राहिलं की बुरशी येते.

वय: चौतीस. कागदावर सदतीस दिसतं, पण मधली तीन वर्षं मी बोटीवर खलाशांचा स्वयंपाक करत होतो. ती धरत नाही.

५ फेब्रुवारी

उड्या मारल्या. दोरी सामान बांधायची होती, जाड. पायात अडकली. गुडघा.

७ फेब्रुवारी

माझ्या जोडीदाराचं नाव फ्रीज. एकटा पाठीवर फ्रीज घेऊन जिना उतरतो म्हणून. आज कपाट उतरवताना म्हणाला, मित्रा, तुझ्यातून आवाज येतोय. म्हटलं, कपाटातून येत असेल. म्हणाला, कपाट तर मी केव्हाच खाली ठेवलं.

सकाळी संडासात लाल दिसलं. बीट. बीट केव्हा खाल्लं ते आठवत नाही, पण खाल्लं असणार, नाहीतर लाल येईल कुठून? विषय संपला. असल्या घाणेरड्या गोष्टी वहीत लिहायच्या नाहीत, असा नियम करतो.

८ फेब्रुवारी

परत बीट.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

ताईचा फोन. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, पण बोलते सत्तर वर्षांनी मोठी असल्यासारखी. तिच्या पोटाची तपासणी झाली. खालून नळी घालून कॅमेऱ्याने आतडं बघतात. (लिहितानाही कसंतरी होतंय.) तिच्या आतड्यात मशासारखी एक गाठ निघाली, ती त्यांनी तिथल्या तिथे कापली. ठेवली असती तर पुढे कॅन्सर झाला असता म्हणे. म्हणाली, छोट्या, आता तुझी पाळी. बाबांना तोच होता, विसरलास का?

विसरेन कसा. पण बाबा म्हातारे होते. म्हाताऱ्या माणसाला काही ना काही होतंच. मी चौतीस.

तिने डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे. मला न विचारता. हिला कोणी सांगितलं होतं?

११ फेब्रुवारी, दवाखान्यातून आल्यावर

किळस. भिंतीवर आतड्याचं चित्र, आतड्याला डोळे आणि हसरं तोंड. टेबलावर गुलाबी प्लॅस्टिकचं आतडं, वळणात कोणीतरी च्युइंगम चिकटवलेलं. शेजारी एक गृहस्थ आपल्या पोटाची हकिकत मोबाईलवर सगळ्या खोलीला ऐकवत होते. आणि डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान! हल्ली कोणालाही डॉक्टर करतात.

तिने विचारलं, वडिलांना कितव्या वर्षी निघाला? मी म्हटलं, साठ-पासष्ट. मला लख्ख आठवतं. पांढरी दाढी, हातात काठी, जिना चढताना दर पायरीला थांबणं. माझी स्मरणशक्ती म्हणजे फोटो. ती म्हणाली, मग चाळिशीला या, पण मध्ये काही त्रास? रक्त वगैरे? मी म्हटलं, छे. बीट म्हणजे रक्त नव्हे.

सुटलो. आनंदात उभ्यानेच तीन अंडी आणि अख्खा पाव खाल्ला. उड्या उद्यापासून.

१३ फेब्रुवारी

ताईला ही आनंदाची बातमी दिली. फोनमध्ये ती इतकी ओरडली की शेजारी बसलेला फ्रीज उठून बाहेर गेला.

डोकं फिरलंय का तुझं? म्हणाली. बाबा पासष्टचे? अरे त्रेचाळीसचे होते बाबा. मी म्हटलं, शक्यच नाही, काठी होती. म्हणाली, काठी शेवटच्या उन्हाळ्यात आली, आजारपणात. मी म्हटलं, दाढी? म्हणाली, अंथरुणातल्या माणसाची दाढी वाढते. आणि काळी होती ती. काळी कुळकुळीत.

काळी?

मग मी हुकमाचा पत्ता काढला. म्हटलं, अंथरुणातल्या माणसाने मला नदीत पोहायला शिकवलं का? खांद्यावर घेऊन पाण्यात फेकलं होतं मला, फ्रीजला विचार, त्याला शंभर वेळा सांगितलंय.  ताई हळू म्हणाली, फेकलं मामाने. बाबा काठावर बसले होते, तुझा टॉवेल घेऊन.

ताईची स्मरणशक्ती चालली. वयच आहे तिचं.

१४ फेब्रुवारी

टॉवेलला निळी किनार होती. हे मात्र आठवतं. टॉवेल धरलेला हात आठवत नाही, चेहरा तर नाहीच. डोळे मिटून बघितलं तर दवाखान्यातलं ते हसरं आतडं दिसतं. शी.

१५ फेब्रुवारी, दुपार

फ्रीजला सहज विचारलं, तुझं वय काय रे? म्हणाला, त्रेचाळीस चालू आहे, का, पोरगी बघतोस का माझ्यासाठी? मग पुस्तकांची दोन खोकी एकावर एक उचलली आणि शिट्टी वाजवत जिना उतरून गेला.

 मी ग्राहकाच्या गुंडाळलेल्या सोफ्यावर जाऊन बसलो. मुकादम म्हणाला, महाराज, चहा पाठवू का?

१७ फेब्रुवारी

ताईने स्वतः डॉक्टरीणबाईंना फोन करून बाबांचं खरं वय सांगितलं. चुगलखोर. लहानपणापासून अशीच. डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून ऐकवलं, वडिलांच्या वयाच्या दहा वर्षं आधी यायला हवं होतं, म्हणजे तेहतिसाव्या वर्षी. तुम्हाला उशीरच झालाय. मी विचारलं, बोटीवरची वर्षं धरून का? त्यांनी कागदावरचं माझं जन्मसाल बोटाने दाखवलं.

मग बीटाचं सांगितलं. सांगायचं नव्हतं. निघून गेलं तोंडातून. त्यांनी लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. ते पेन खाली ठेवणं मला आवडलं नाही.

पंचवीस तारखेला सकाळी तपासणी. मी जाणार आहे. मर्दासारखा. घाबरतो कोण?

२४ फेब्रुवारी, दुपार

कालपासून भाजी नाही, फळ नाही, आज नुसतं पातळ, पाण्यासारखं. औषधाची पावडर पाण्यात घालून दोन मोठे जग प्यायचे. एक आज संध्याकाळी, दुसरा उद्या पहाटे. चव (बोट बुडवून बघितली): समुद्रात कोणीतरी लिंबू धुतलंय.

नर्सने फोन करून बजावलं, दोन्ही वेळा पूर्ण घ्यायची हं, दादा. बाई, पोट रिकामं करणं म्हणजे काय हे मला शिकवता? जन्मभर लोकांची घरं रिकामी करतोय. घर कधी रिकामं झालं ते मला दारातून कळतं. हाक मारली की घुमते.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ

लिहिता येत नाही. परत जातोय.

शी शी शी. माणूस आतून असा असतो? मग त्या गादीवाल्यांना मी उगाच नावं ठेवली.

२५ फेब्रुवारी, पहाटे

घर रिकामं झालं. माझी खात्री आहे. घुमतंय. दुसरा जग बेसिनमध्ये ओतला. उगाच रिकाम्या घरात परत फेरी मारणारे लोक मला आवडत नाहीत. मुकादम तसला आहे. सगळं सामान गाडीत चढलं तरी एका माणसाला परत वर पाठवतो, प्रत्येक खोली, प्रत्येक माळा बघून ये म्हणतो. मी गेलो की जिन्यात सिगारेट ओढून येतो. आजवर काही राहिलं नाही. एकदा पाळणा राहिला होता, तो सोडून.

२५ फेब्रुवारी, दुपार

झाली नाही तपासणी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही दिसत नाहीये, निम्मं सामान आतच आहे. (हे शब्द त्यांचेच. माझा धंदा त्यांना कोणी सांगितला? ताई.) असं अर्धवट बघून मी काहीच सांगू शकत नाही. परत तयारी करून या. माझी बाजू मांडायला तोंड उघडलं, पण दवाखान्याच्या मागून उघड्या झग्यात माणसाला बाजू अशी राहत नाही.

ताई रजा काढून आली होती. मला वाटलं ओरडेल. तयारीत होतो, उत्तरं जुळवून ठेवली होती. पावडर खराब होती, पाणी खारं होतं, नर्सने नीट सांगितलं नाही.  जिना उतरताना ती फक्त म्हणाली, बाबांनीपण दोनदा तारीख पुढे ढकलली होती. कामं आहेत म्हणाले.

माझी उत्तरं तशीच राहिली.

२७ फेब्रुवारी

सकाळी परत लाल. या खेपेस बीटाचं नाव घेतलं नाही.

दिवसभर एका दवाखान्याचं फर्निचर हलवलं. असतोच माझा योग असला. मुकादमाने मला शेवटच्या फेरीला वर पाठवलं. सिगारेट काढली, मग ठेवली. खोल्या बघितल्या. माळ्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात कोणाच्या तरी चपला होत्या. खाली आणून दिल्या. मुकादम म्हणाला, आज सूर्य कुठून उगवला? त्याला म्हटलं, आठ तारखेला सुट्टी हवी, तपासणी आहे. कसली ते विचारू नको. त्याने विचारलं. मी सांगितलं. दोन मिनिटांत सगळ्या गाडीला कळलं. फ्रीज म्हणाला, कॅमेरा आत गेला की दात दाखव, फोटो चांगला येईल.

७ मार्च, संध्याकाळ

पहिला जग. पूर्ण. मध्ये दोनदा मी मेलो असं वाटलं, दोन्ही वेळा निराशा झाली. ताई राहायला आली आहे, संडासाबाहेर खुर्ची टाकून बसली आहे. आतून म्हटलं, जा की बाई, लाज वाटते. म्हणाली, तुझे लंगोट मी धुतले आहेत, लाज कसली आणलीस आता?

८ मार्च, पहाटे

दुसरा जग. पूर्ण. ताईने समोर उभं राहून पाजला. तरीपण मी स्वतःहून प्यायलो असं लिहून ठेवतो.

८ मार्च, दुपार

झालं.

झोपेचं औषध देऊन केलं. कळलं काहीच नाही. उठलो तर लाज गेलेली आणि पोटात वारा. दोन गाठी निघाल्या. एक मटारएवढी, दुसरी मोठी, तिच्यातूनच रक्त येत होतं. दोन्ही कापल्या. तपासायला पाठवल्यात, आठवड्यात कळेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून चार-पाच वर्षं गेली असती तर आपलं बोलणं वेगळं झालं असतं.

मी मनात हिशेब केला. नको होता करायला.

१५ मार्च

कॅन्सर नाही. पण मोठी गाठ त्याच वाटेला लागली होती म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या मार्चला परत यायचं. मी म्हटलं, पुढच्या मार्चला मी दुसऱ्या गावी असेन, माझं काही ठरलेलं नसतं. त्या म्हणाल्या, जा ना, आतडं पण बरोबर येईलच. तिथल्या डॉक्टरला दाखवा.

यावर चांगलं उत्तर आहे, अजून सुचलेलं नाही.

बाहेर बाकावर बसलो. ताईने माझा मोबाईल घेतला, पुढच्या मार्चची तारीख टाकली, गजर लावला, वर लिहिलं, छोट्या, जग पूर्ण पी. तिच्या केसांत समोरूनच पांढरं दिसलं. एवढं कधी झालं? मी म्हटलं, ताई, म्हातारी झालीस गं. म्हणाली, हो रे, झाले एकदाची. बाबांना नाही जमलं ते.

मी भांडायला तोंड उघडलं. तिने त्यात बिस्कीट कोंबलं. मी ते खाल्लं.

दुसरं मागितलं.